जिंकलेल्या खटल्याचं बिल: फोगर्टी विरुद्ध फँटसी

रॉक संगीताची आवड असलेली चार माणसं जमली की एक किस्सा कधी ना कधी निघतोच: अमेरिकेत एका गायकावर स्वतःचंच गाणं चोरल्याचा खटला झाला होता म्हणे! सगळे हसतात, अमेरिकन वकिलांच्या नावाने बोटं मोडतात आणि विषय बदलतो. किस्सा खरा आहे. गायक जॉन फोगर्टी, दावा लावणारी कंपनी फँटसी रेकॉर्ड्स. पण हसण्यावारी नेल्यामुळे त्यातली खरी गंमत हातची जाते. कायद्याच्या नजरेतून हा दावा वेडगळ नव्हता. न्यायाधीशांनी तो नीट ऐकला, आणि कंपनी हरल्यावरसुद्धा तो बिनबुडाचा होता असं म्हणायला नकार दिला. शिवाय फोगर्टी जिंकला त्या दिवशी प्रकरण मिटलं नाही. खटला जिंकायला त्याचे दहा लाखांहून जास्त डॉलर गेले होते, आणि ते कोणी भरायचे यावर पुढे आठ वर्षं भांडण चाललं. अमेरिकेत कॉपीराइट शिकणाऱ्या मुलांना फोगर्टीचं नाव माहीत असतं ते त्या बिलामुळे. गाणं त्यांनी ऐकलेलं असेलच असं नाही.

फोगर्टी १९४५ साली बर्कलीत जन्मला आणि शेजारच्या एल सेरिटोत वाढला. शाळेतले दोन सोबती, ड्रमवर डग क्लिफर्ड आणि बेसवर स्टू कुक, आणि गिटारवर थोरला भाऊ टॉम. १९६४ मध्ये हे चौघं सॅन फ्रान्सिस्कोच्या फँटसी या छोट्या जॅझ कंपनीच्या दारात उभे राहिले. कंपनीने त्यांना ‘गॉलिवॉग्ज’ असं नाव चिकटवलं, ते त्यांना कधीच आवडलं नाही. १९६७ मध्ये त्याच कंपनीत विक्री सांभाळणाऱ्या सॉल झेंट्सने भागीदार गोळा करून कंपनी विकत घेतली, आणि १९६८ च्या सुरुवातीला बँडने नाव बदललं: क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल.

पुढचं सगळं फार झपाट्याने झालं. एकट्या १९६९ मध्ये तीन अल्बम. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकचा संगीत महोत्सव, तिथे त्यांची पाळी आली मध्यरात्र उलटून गेल्यावर. बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्यांची पाच सिंगल्स, म्हणजे सुटी काढलेली गाणी, दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली आणि एकही पहिल्यावर पोचलं नाही. शब्द फोगर्टीचे, चाल फोगर्टीची, आवाज आणि मुख्य गिटारही त्याचीच. स्टुडिओत काचेपलीकडे बसून कुठला आवाज किती ठेवायचा हे ठरवणारा निर्माताही तोच. बाकीच्या तिघांना हे पुढे जड गेलं. १९७१ मध्ये टॉम बाहेर पडला, १९७२ मध्ये बँड मोडला.

या बँडचा आवाज लगेच ओळखू येतो. खालच्या स्वरांत घोळणारी गिटार, एकाच कॉर्डवर ठाण मांडून बसलेला ठेका, आणि वर घशातून फाडून काढल्यासारखा आवाज. ऐकणाऱ्याला वाटावं की माणूस लुइझियानाच्या दलदलीत, मगरींच्या शेजारी वाढला असणार. म्हणूनच याला ‘स्वॅम्प रॉक’ म्हणतात, स्वॅम्प म्हणजे दलदल. प्रत्यक्षात हा कॅलिफोर्नियाच्या उपनगरातला पोरगा. दलदल त्याने रेकॉर्डी ऐकून आणि सिनेमे पाहून मनात बांधली होती. हे ध्यानात राहू द्या, कारण पुढे कोर्टात प्रश्न हाच आला: ही मनातली दलदल कोणाच्या मालकीची?

आता कराराकडे. गाणं लिहिणाऱ्याच्या हातात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकमेकांत मिसळल्या की हे प्रकरण कळत नाही. पहिली, शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट, धंद्याच्या भाषेत ‘पब्लिशिंग’. दुसरी, स्टुडिओत मुद्रित झालेला आवाज, म्हणजे ‘मास्टर’. तिसरी, मालकी कोणाकडेही असली तरी लेखकाला किंवा कलाकाराला विक्रीतून मिळणारा वाटा, म्हणजे रॉयल्टी. फोगर्टीने पहिल्या दोन गोष्टींवर पाणी सोडलं होतं आणि तिसरीतला एक भाग राखला होता. बँडची गाणी फँटसीच्याच जोंडोरा म्युझिक या पब्लिशिंग शाखेकडे जात. वर किती रेकॉर्डिंग्ज कंपनीला द्यायची याचा आकडाही करारात होता. बँड मोडल्यावर कंपनीने बाकीच्यांना मोकळं केलं, फोगर्टीला नाही. आपल्याकडे ‘हात कापून दिले’ म्हणतात, ते अशा सहीला शब्दशः लागू पडतं: अजून न लिहिलेली गाणीसुद्धा आधीच दुसऱ्याच्या नावावर.

फोगर्टी पुढे सांगत आला की यश मिळालं की जुना करार फाडून नवा, बरा करार करू, असं झेंट्सने तोंडी कबूल केलं होतं. फाडला कधीच नाही. यात झेंट्सची बाजूही आहे. एका अनोळखी पोरांच्या टोळीवर पैसे त्याच्या कंपनीने लावले होते आणि त्या काळात असे करार सर्रास होत. कायद्याबाहेरचं त्यात काही नव्हतं. पण बर्कलीत फँटसीची नवी इमारत उभी राहिली तेव्हा लोक तिला ‘क्रीडन्सने बांधलेलं घर’ म्हणायचे. पुढे झेंट्स सिनेमात गेला आणि त्याने निर्माण केलेल्या तीन चित्रपटांना, १९७५, १९८४ आणि १९९६ सालच्या, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्या प्रवासाची शिदोरी कुठून आली हे फोगर्टीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पैशाचीही धडगत नव्हती. कर वाचवण्यासाठी बँडची कमाई बहामाजमधल्या कॅसल बँक अँड ट्रस्ट नावाच्या बँकेत फिरवली जात होती. १९७७ मध्ये ती बँक बुडाली, आणि ठेवीही तिच्याबरोबर गेल्या. मधल्या काळात डेव्हिड गेफनच्या असायलम कंपनीने दहा लाख डॉलर मोजून अमेरिकेपुरते फोगर्टीचे हक्क सोडवून घेतले होते. १९७५ मध्ये एक अल्बम आला. १९७६ चा दुसरा तयार होऊनही बाहेर पडला नाही. बाकी जगासाठी मात्र तो अजून फँटसीचाच बांधील होता. अखेर १९८० मध्ये त्याने पूर्ण सुटका विकत घेतली. किंमत होती क्रीडन्सच्या रेकॉर्डांवर गायक म्हणून मिळणारी रॉयल्टी. आपलाच आवाज रेडिओवर वाजणार, रेकॉर्डी खपणार, आणि त्यातलं गायकाचं काही मिळणार नाही, हे त्याने सही करून मान्य केलं. नऊ वर्षं, १९७६ ते १९८५, त्याच्या नावाने एकही नवा अल्बम दुकानात आला नाही.

आणि मग तो परतला. जानेवारी १९८५ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ‘सेंटरफील्ड’ काढला. सगळी वाद्यं त्याने एकट्याने वाजवली होती, निर्मिती त्याचीच. अल्बम बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या क्रमांकाचं सुख क्रीडन्सच्या अल्बमांनी आधी चाखलं होतं, सिंगल्सनी नाही. या वेळचं सिंगल ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ दहाव्या स्थानापर्यंत पोचलं. त्याच्या व्हिडिओत कॅमेरा एका गिटारच्या वायरीच्या मागे मागे रानातून, रस्त्यावरून चालत राहतो आणि शेवटी फोगर्टीपाशी पोचतो. गाणं सुरू होताच लोक म्हणाले, अरे, हा तर क्रीडन्सचा आवाज! चाहत्यांनी कौतुकाने म्हटलेलं हे वाक्य पुढे दाव्याचा कणा झालं.

पण अल्बममध्ये आणखीही काही होतं. शेवटचं गाणं ‘झान्झ कान्ट डान्झ’. त्यातलं डुक्कर नाचू शकत नाही, पण तुमचे पैसे चोरतं, तेव्हा डोळा ठेवा. झान्झ कोण, हे कोडं नव्हतं. झेंट्सने अब्रुनुकसानीचा दावा लावला, मागणी १४ कोटी डॉलरच्या वर. फोगर्टीने पुढच्या प्रतींत डुकराचं नाव बदलून ‘व्हान्झ’ केलं, पण तेवढ्याने राग निवला नाही. तो दावा शेवटी तडजोडीने मिटला. माझं स्पष्ट मत असं की हे डुक्कर नसतं तर दुसरा दावाही झाला नसता. रेकॉर्ड कंपन्या जुन्या कलाकाराच्या जुन्याच ढंगाकडे एरवी काणाडोळा करतात, कारण नवी रेकॉर्ड खपली की लोक जुनीही विकत घेतात. वैर असल्याशिवाय माणूस असा खटला वर्षानुवर्षं चालवत नाही.

हा दुसरा दावा म्हणजे आपला खटला. फँटसीचं म्हणणं: १९७० मध्ये फोगर्टीने ‘रन थ्रू द जंगल’ लिहिलं आणि त्याचा कॉपीराइट आमच्याकडे आला. ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ ही त्याच गाण्याची चाल आहे, फक्त शब्द नवे. म्हणजे आमच्या मालमत्तेची नक्कल.

लोक हसतात ते इथे. स्वतःचं कोणी चोरतं का? पण गाणं जमिनीसारखं समजा. खरेदीखत झालं, सात-बाऱ्यावरून नाव उतरलं, मग त्या शेतात आजोबांनी विहीर खणली होती असं सांगून ऊस तोडून नेता येत नाही. फोगर्टीच्या वकिलांनी एक मुद्दा मांडून पाहिला: त्याला अजून या गाण्यावर लेखकाची रॉयल्टी मिळते, म्हणजे त्याचा हितसंबंध शिल्लक आहे, मग तो परका कसा? कोर्टाने १९८७ मध्ये तो फेटाळला. रॉयल्टीचा हक्क म्हणजे पैशातला वाटा. गाणं वापरायचा हक्क त्यातून येत नाही. कॉपीराइटच्या नजरेत फोगर्टी स्वतःच्या गाण्याला तितकाच परका होता जितका रस्त्यावरचा कोणीही.

उलट तो जास्त अडचणीत होता. नकलेच्या दाव्यात वादीला सहसा आधी हे दाखवावं लागतं की प्रतिवादीने मूळ गाणं ऐकलं होतं. गाजलेली चाल असेल तर ‘ऐकलंच असेल, नकळत मनात राहिलं असेल’ एवढ्यावरही भागतं. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन १९७६ मध्ये असाच सापडला होता, ‘हीज सो फाइन’ची चाल नकळत उचलली असं न्यायाधीशांनी ठरवलं. फोगर्टी ‘मी ते गाणं ऐकलंच नव्हतं’ असं कुठल्या तोंडाने म्हणणार? ते लिहिलं होतं त्याने.

राहिला एकच प्रश्न: साम्य कशात आहे? कॉपीराइट एका विशिष्ट गाण्याला संरक्षण देतो, गाण्याच्या ढंगाला देत नाही. हे वाक्य वकिलाला सोपं आणि पंचाला अवघड. आपल्याला कदाचित ते लवकर समजेल. भूप आणि देशकार, दोन्हीत स्वर तेच पाच. नवख्या कानाला दोन्ही एकच वाटतात. जाणकार मात्र पहिल्या आलापात ओळखतो, कारण न्यास वेगळा, चलन वेगळं, देशकारात धैवताचा तोरा वेगळा. आणि उलट बाजूने पाहिलं तर एकाच गवयाच्या दहा रागांत त्याची तीच तान, तोच खर्ज, स्वर घेण्याची तीच लकब ऐकू येते, म्हणून त्याच्या दहा चिजा एक होत नाहीत. फोगर्टीच्या वकिलांना नेमकं हेच कॅलिफोर्नियातल्या ज्युरीच्या, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य माणसांच्या गळी उतरवायचं होतं, आणि त्यांच्यापैकी कोणी गवयाच्या लकबीवर कधी वाद घातला असेल असं वाटत नाही.

लागोपाठ ऐकून पाहिली तर दोन्ही गाण्यांत सारखं काय आहे ते लगेच जाणवतं. गिटारचा पोत तोच, ब्लूजचा खाली ओढलेला स्वर तोच, एका जागी घुमत राहायची सवय तीच. ‘रन थ्रू द जंगल’ तर जवळपास पूर्णच एका कॉर्डवर उभं आहे. सुरुवातीला उलटं वाजवलेलं पियानो-गिटार आहे, त्यातून रानातले आवाज निघाल्याचा भास होतो. त्यातलं जंगल म्हणजे व्हिएतनाम असं कित्येकांना वाटतं. फोगर्टीच्या मनात होतं अमेरिकेतल्या घराघरांतल्या बंदुकांचं जंगल. आता नंतरचं गाणं. ते गिटारच्या एका ठळक, अडखळून उडी मारणाऱ्या तुकड्यावर चालतं. तो तुकडा गुणगुणला की गाणं ओळखू येतं. जुन्या गाण्यात असा तुकडाच नाही. माझ्या कानाला घराणं एक, चीज वेगळी. पण हे मी निकाल माहीत असताना ऐकतोय, हेही कबूल करायला हवं.

१९८८ च्या शरद ऋतूत सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश सॅम्युएल कोंटी यांच्यासमोर ज्युरी बसली. फोगर्टी साक्षीला आला तो गिटार घेऊन. कागदावरच्या स्वरलिपीत दोन ओळी शेजारी ठेवून तज्ज्ञ बोट दाखवू शकतात: हा स्वर बघा, तोही बघा, सारखे. त्या पद्धतीने बहुतेक सगळे ब्लूज एकमेकांची नक्कल ठरतील. फोगर्टीने साक्षीदाराच्या खुर्चीत बसून वाजवून दाखवलं. हात गिटारच्या मानेवर कसा बसतो, बोटं सवयीने कुठे जातात, मग एकातून एक गाणं कसं सुचतं आणि ते कुठे वेगळं होतं. वीस वर्षांत त्याने कुठल्याही मैफलीत इतकं सावकाश आणि इतकं समजावून वाजवलं नसेल. समोर टाळ्या वाजवणारे नव्हते, आणि एखादा स्वर जास्त सारखा वाटला तर लाखो डॉलर जाणार होते.

७ नोव्हेंबर १९८८ ला ज्युरीने निकाल दिला: नक्कल नाही.

किस्सा सांगणारे इथे थांबतात. फोगर्टीच्या हातात मात्र निकालाबरोबर वकिलांची बिलं होती.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याला ओढून पायरीवर नेलं त्याने काय करायचं, हे मात्र ती म्हण सांगत नाही. आपल्याकडे ‘दावा खर्चासह फेटाळण्यात येत आहे’ असं निकालपत्रात असतं, मग तो खर्च प्रत्यक्षात चहापाण्याइतका का निघेना. इंग्लंडमध्ये हरणारा जिंकणाऱ्याच्या वकिलाचेही पैसे देतो. अमेरिकेत मूळ नियम उलटा: ज्याचा वकील त्याची फी. याला अपवाद कायद्यात लिहून ठेवावा लागतो, आणि १९७६ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५०५ मध्ये तो आहे. जिंकणाऱ्या पक्षाला वाजवी वकील फी देववण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असं ते कलम म्हणतं. ‘जिंकणारा पक्ष’. वादी की प्रतिवादी, हे म्हणत नाही.

तरी काही कोर्टांनी, कॅलिफोर्निया ज्याच्या हद्दीत येतं त्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानेही, त्यात दोन मापं पाडली होती. मालक जिंकला तर फी बहुधा मिळायचीच. प्रतिवादी जिंकला तर त्याने आणखी एक गोष्ट सिद्ध करायची: दावा पोरखेळ होता किंवा वाईट हेतूने लावला होता. फोगर्टीला ते जमलं नाही. दावा पोरखेळ नव्हता असं कोंटींनी ठरवलं आणि फी नाकारली. अपिलातही १९९३ मध्ये तेच झालं. मघाशी म्हटलं ना, हा दावा वेडगळ नव्हता. फोगर्टीला तो वेडगळ नसणंच महागात पडत होतं.

मग प्रकरण वॉशिंग्टनला, सर्वोच्च न्यायालयात गेलं. ८ डिसेंबर १९९३ ला सुनावणी, १ मार्च १९९४ ला निकाल. नऊच्या नऊ न्यायाधीश फोगर्टीच्या बाजूने; न्या. थॉमस यांनी कारणं वेगळी दिली, पण निष्कर्ष तोच. निकालपत्र सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांनी लिहिलं. एका बाजूने त्यांनी दोन मापं मोडीत काढली. दुसऱ्या बाजूने फोगर्टीची मोठी मागणीही मान्य केली नाही: जिंकेल त्याला आपोआप फी, हा इंग्लिश नियम अमेरिकन कायद्यात नाही. फी द्यायची की नाही हे कोर्टाने प्रकरण पाहून ठरवावं, पण दोन्ही पक्षांना एकच माप लावून.

मला त्यातली विचाराची दिशा महत्त्वाची वाटते. कॉपीराइट म्हणजे मालकाची तिजोरी, आणि प्रतिवादी म्हणजे तिजोरीजवळ सापडलेला संशयित, असं चित्र खालच्या कोर्टांच्या मनात होतं. रेनक्विस्ट म्हणाले, कायद्याचा अंतिम हेतू लोकांपर्यंत नवी निर्मिती पोचावी हा आहे. त्यासाठी कुंपण नक्की कुठे संपतं हे स्पष्ट व्हायला हवं. आणि ते स्पष्ट होतं ते जसं जिंकणाऱ्या मालकामुळे, तसंच ठामपणे लढून जिंकणाऱ्या प्रतिवादीमुळेही. फोगर्टी लढला म्हणून एक गाणं लोकांत राहिलं, आणि त्यातून उद्या आणखी गाणी सुचू शकतात. खर्चाच्या भीतीने त्याने आधीच तडजोड केली असती, तर ढंग आणि गाणं यांच्यातली रेघ कोणी ओढली असती?

प्रकरण पुन्हा कोंटींकडे आलं. त्याच न्यायाधीशांनी, त्याच कागदपत्रांवर, आता फी मंजूर केली. दावा आजही पोरखेळ नव्हताच. पण फोगर्टी मुदत संपली, नोंदणी चुकली अशा एखाद्या तांत्रिक पळवाटेने सुटला नव्हता, तो मूळ मुद्द्यावर जिंकला होता, आणि त्यामुळे स्वॅम्प रॉकच्या ढंगात गाणी करायचा त्याचा आणि इतरांचाही हक्क शाबूत राहिला होता. रक्कम १३,४७,५१९ डॉलर आणि १५ सेंट. त्या पंधरा सेंटांवर माझा फार जीव आहे. १९९६ मध्ये नवव्या सर्किटने ही रक्कम कायम केली. दावा जुलै १९८५ चा. अकरा वर्षं.

या निकालाने सगळं निस्तरलं असं नाही. ‘प्रकरण पाहून ठरवा’ म्हटलं की प्रत्येक कोर्ट आपल्या पद्धतीने पाहतं. २०१६ मध्ये अमेरिकेत शिकायला आलेल्या एका थाई विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा याच कलमाकडे यावं लागलं. तिथे त्यांनी सांगितलं की हरलेल्याची बाजू मुळात वाजवी होती का, याला भरपूर वजन द्या, पण तेवढ्यावरच थांबू नका. आधार अर्थातच फोगर्टी.

अकरा वर्षं कोर्टात काढणाऱ्या माणसाचं गाणं त्या काळात कुठे होतं? १९८६ चा त्याचा पुढचा अल्बम साधारणच चालला. दौऱ्यावर तो क्रीडन्सची गाणी गायचा नाही. गायलं की पैसे झेंट्सकडे जाणार, ही एक ठसठस होती. लोक तिकीट काढून ज्या गाण्यांसाठी यायचे तीच गाणी तो गायचा नाही, हा हट्ट मला समजतो आणि तरी पटत नाही. शिक्षा झेंट्सला कमी आणि समोरच्या माणसांना जास्त झाली. फेब्रुवारी १९८७ मध्ये नॉर्थ हॉलीवूडच्या पालोमिनो क्लबात एका रात्री बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन (तोच, नकळत चाल उचललेला) मंचावर चढले, फोगर्टीलाही ओढलं. क्रीडन्सचं ‘प्राउड मेरी’ तू गायलं नाहीस तर लोकांना ते टीना टर्नरचंच वाटेल, असं डिलनने त्याला सुनावलं. गायला तो. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमातही गायला. तरी घाव भरले नव्हते. टॉम झेंट्सच्या बाजूचा राहिला आणि १९९० मध्ये वारला. दोघा भावांत समेट झाला नाही. १९९३ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा फोगर्टीने कुक आणि क्लिफर्डबरोबर वाजवायला नकार दिला आणि दुसऱ्या वादकांना घेऊन गायला. सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीचं ते वर्ष.

२००४ मध्ये कॉन्कॉर्ड या कंपनीने फँटसी विकत घेतली आणि १९८० मध्ये सोडून दिलेली गायकाची रॉयल्टी फोगर्टीला पुन्हा सुरू केली. नव्या मालकाने एका सहीने केलं ते जुन्या मालकाबरोबर वीस वर्षांत झालं नव्हतं. फोगर्टी चक्क फँटसीत परतला. झेंट्स २०१४ मध्ये गेला. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, फोगर्टीने कॉन्कॉर्डकडून क्रीडन्सच्या गाण्यांच्या पब्लिशिंगचा मोठा हिस्सा विकत घेतला. वेळही सोयीची होती: अमेरिकन कायद्यात १९७८ पूर्वीच्या गाण्यांचे दिलेले हक्क ५६ वर्षांनी लेखकाला परत मागता येतात, आणि १९६८ च्या गाण्यांची ती मुदत २०२४ मध्ये भरत होती.

शब्द आणि चाली आल्या. मास्टर्स, म्हणजे १९६८ ते ७२ दरम्यान स्टुडिओत टेपवर उतरलेला त्याचा आवाज, कॉन्कॉर्डकडेच राहिले. २०२५ मध्ये ऐंशी वर्षांच्या फोगर्टीने आपल्या मुलांना घेऊन ती जुनी गाणी जशीच्या तशी, गिटारच्या त्याच आवाजात, पुन्हा मुद्रित केली. अल्बमच्या यादीत प्रत्येक गाण्याच्या नावापुढे कंसात छापलंय: जॉन्स व्हर्जन.